बाराव्या खेपेचं पुस्तक

मिसिसिपीतल्या काळ्या मुलांच्या शाळेत एकदाची पाठ्यपुस्तकं येतात. पहिलीतला पोरगा हरखतो. पण पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला तक्ता वाचताच तो ते पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्यावर थयाथया नाचतो. अकरा वेळा गोऱ्या मुलांनी वापरून खिळखिळं झालेलं पुस्तक बाराव्या खेपेला त्याच्या वाट्याला आलेलं असतं, आणि विद्यार्थ्याच्या वंशाच्या रकान्यात त्याच्यासाठी एक हिणकस शब्द लिहिलेला असतो. साल 1933. मिल्ड्रेड टेलर यांच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' (1976) या किशोर कादंबरीतला हा प्रसंग. यात लढाई नाही, राजा नाही. तरी ही ऐतिहासिक कादंबरीच, आणि या जागी पोचायला तिला दीडएकशे वर्षं लागली.

वॉल्टर स्कॉटच्या 'वेव्हर्ली'पासून (1814) या प्रकाराची घडी बसली: बडी माणसं पाठीमागे, पुढे एक साधासा तरुण. ही घडी मुलांसाठी घाऊक वापरली जी. ए. हेन्टी यांनी. त्यांच्या शंभराहून अधिक पुस्तकांत इंग्रज पोरगा बहुतेक प्रत्येक मोहिमेत हजर असतो. 1902 च्या सुमारास त्यांनी मराठ्यांशी झालेल्या युद्धांवरही एक पुस्तक लिहिलं. त्यात आईबाप मारले गेलेल्या इंग्रज बाळाला त्याची मराठा दाई वाचवते आणि आपल्यात वाढवते. पोरगा मराठी मुलासारखा मराठी बोलू लागतो, आणि पुढे हीच भाषा ईस्ट इंडिया कंपनीच्या कामी येते. दाईचं ऋण गोष्टीत आहे. मुलूख गमावणाऱ्यांचं दुःख मात्र हेन्टींच्या हिशेबात बसत नाही.

ही चौकट आतून उलटवली जेफ्री ट्रीझ यांनी. 'बोज अगेन्स्ट द बॅरन्स' (1934) मध्ये रॉबिन हूड आहे, जंगल आहे, तिरंदाजीही आहे. पण नायक डिकन हा जमीनदाराच्या वेठीला बांधलेला कुळाचा पोर. रॉबिन इथे दिलदार दरोडेखोर न राहता बंडाचा पुढारी होतो, आणि ते बंड फसतं. पराभवाने संपणारं साहस मुलांना देणं ही तेव्हा मोठीच हिंमत होती.

तरीही ट्रीझ यांची सामग्री ग्रंथालयातली होती. पुढच्या पिढीतल्या लेखकांची घरातून आली. 1942 मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 माणसांना छावण्यांत डांबलं. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. बर्कलीच्या योशिको उचिदा आणि त्यांच्या घरच्यांना आधी टॅनफोरानच्या रेसकोर्सवर, घोड्याच्या तबेल्यात ठेवलं. मग युटाच्या वाळवंटात, टोपाझला. युद्धानंतर अनेक घरांनी त्यावर तोंड मिटलं. नातवंडांची पिढी विचारू लागली तेव्हा उचिदांनी 'जर्नी टू टोपाझ' (1971) लिहिलं, अकरा वर्षांच्या युकीच्या नजरेतून. सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर देऊ केले ते 1988 मध्ये. मुलांच्या पुस्तकाने सरकारच्या सतरा वर्षं आधी हे सांगून टाकलं होतं.

टेलर यांचंही तसंच. शाळेतला इतिहास आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेला इतिहास जुळेना, म्हणून त्यांनी दुसरा लिहून काढला. त्या तक्त्याचा प्रसंग म्हणूनच बोचतो: ज्या पुस्तकातून मुलाने शिकायचं, तेच त्याला त्याची पायरी दाखवतं.

याच वाटेवर पुढे मिशिगनमध्ये वाढलेल्या सुप्रिया केळकर येतात. त्यांच्या 'अहिंसा' (2017) या इंग्रजी कादंबरीमागे त्यांच्या पणजी, नागपूरच्या स्वातंत्र्यसैनिक अनसूयाबाई काळे आहेत. काळ 1942 चा. पण स्वातंत्र्यचळवळीचं नुसतं गुणगान न करता, अस्पृश्यता मिटवायला निघालेल्या घराचा भाबडेपणाही ही कादंबरी दाखवते.

मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली ती गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पासून, 1871 मध्ये. हरिभाऊ आपटे, नाथमाधव यांनी ती गडावरच फुलवली आणि मुलांनी ती गडावरच वाचली. पण 'मोचनगडा'च्या सोळा वर्षं आधी, 1855 मध्ये, फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. इमारतींच्या पायात जिवंत गाडलेली माणसं, डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बाया, आपला धर्म तरी कोणता हा थेट सवाल, सगळं त्यात आहे. ज्या पेशवाईत हेन्टींनी पुढे साहस शोधलं, तिचाच हा हिशेब, तिच्या बळींच्या घरातून मांडलेला.

एवढा मागोवा घेऊन वाट पुण्यातच येते. इतरांनी जे मूल कल्पनेने उभं केलं, ते इथे आधीच लिहून बसलं होतं.