व्हेसुव्हियसच्या राखेतली बाई

इसवी सन 79. इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई नावाचं गजबजलेलं रोमन शहर राखेखाली गाडलं गेलं. भट्टीतले पाव, भिंतींवरचा निवडणुकीचा प्रचार, दाराशी साखळीला बांधलेला कुत्रा, सगळं जागच्या जागी राहिलं.

1938 साली तिथल्या एका घरात अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एक हस्तिदंती मूर्ती मिळाली. वीतभर उंचीची बाई, अंगावर कपडा नावालाच. पण हातात कोपरापर्यंत बांगड्या, पायांत भरगच्च वाळे, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ही बाई रोमन नव्हती, भारतीय होती!

आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं. आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तिच्यासारख्याच घडणीच्या लहान मूर्ती सापडल्या. त्यामुळे तिचं माहेर दख्खनमध्ये असावं, असा अंदाज अनेकांनी बांधला.

तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. आमच्या वरकुट्याहून इंदापूर, टेंभुर्णी, बार्शी करत तिथं जायला आज अर्धा दिवस पुरतो. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल रोमच्या वाटेला कसा लागायचा, हे इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय. त्याचं नाव हरवलं, पण 'पेरिप्लस' हे त्याचं प्रवासाचं टिपण उरलं. त्यात तेरला 'तगर' म्हटलंय. तगरहून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल बैलगाड्यांतून निघायची. पैठणपर्यंत दहा दिवस, पुढे भडोच बंदरापर्यंत वीस. महिनाभर चाकं फिरली की मग समुद्र. तिकडून जहाजं जुलैत सुटायची आणि मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन यायची. ज्या वाऱ्याकडे आमचा शेतकरी पेरणीसाठी डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्यावर रोमचा व्यापार चालायचा.

बदल्यात काय यायचं? दारू, आणि त्यातही इटलीची जास्त पसंतीची. तांबं, कथील, शिसं, पोवळी. आणि भडोचच्या राजासाठी खास नजराणा: चांदीची भांडी, गाणारी पोरं, जनानखान्यासाठी सुंदर मुली. हे त्या व्यापाऱ्यानं मालाच्या यादीत, पोवळ्याइतक्याच थंडपणे लिहिलंय. त्या पोरांना कुठून आणलं, त्यांचं पुढे काय झालं, याबद्दल एक ओळ नाही.

कल्याणचा किस्सा तर आजच्या राजकारणात शोभेल. राजकीय भांडणामुळे कल्याण बंदरावर बंदी आली होती. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथं शिरलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जायचं. बहुधा जकात शेजाऱ्याच्या तिजोरीत जाऊ नये म्हणून!

रोममध्ये मात्र कुरकुर सुरू होती. भारत दरवर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तिथला माल इथं शंभरपट भावानं विकला जातो, असं प्लिनी लिहितो. हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्या स्फोटात मेला.

आणि रोमन नाण्यांचं इथं काय झालं? तेरला नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत, ओवण्यासाठी भोक किंवा कडी असलेल्या. रोमचा सम्राट इथं दोऱ्यात ओवून गळ्यात घातला जात होता. उलट कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी, बौद्ध चैत्यगृहाला खांब दान दिले. त्यातल्या एकाचं नाव तिथं 'सिहधय' असं कोरलंय. सिंहध्वज! परका माणूस, नाव मात्र इथलं.

खांब देणाऱ्याचं नाव राहिलं. मलमल विणणारी, हस्तिदंत कोरणारा, महिनाभर गाडी हाकणारा यांचं नाव कुठंच नाही. त्यांच्याबद्दल बोलायला उरतात फक्त वस्तू आणि खापरं.

म्हणून एक गोष्ट सलते. गावाची काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती, हे आपण ऐकत आलोय. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती पिकाला चांगली, म्हणून महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी ती गाड्या भरभरून शेतात पसरली गेली. उद्देश वाईट नव्हता, खत हवं होतं. पण त्या मातीत विणकराच्या घरची चूल होती, मणी होते, खापरं होती. पॉम्पेईची राख जपली गेली, म्हणून ती बाई सापडली. आपली पांढरी आपणच नांगरून टाकली.

पुढच्या वेळी बांधावर नक्षीचं खापर किंवा मणी दिसला, तर तो खिशात घालू नका. जागेवरच फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि तलाठ्याला कळवा. वस्तू तिच्या जागी असेल, तरच तिची गोष्ट सांगता येते.