आडवा खांब

नव्या किल्लारीत आमच्या घराच्या कोपऱ्यावर लिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत दोन काळ्या दगडांवर एक सागवानी खांब आडवा टाकलेला आहे. सात हात लांब, टोकांना कमळं, मधे वेल, आणि एका बाजूला वेलीत बसलेला पोपट. दुपारी त्यावर म्हातारी माणसं बसतात, संध्याकाळी बाया बसतात, शाळा सुटली की पोरं त्याचा घोडा करतात. बाहेरचं कुणी आलं की विचारतं, एवढा कोरीव खांब असा उन्हापावसात का टाकलाय? त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

हा खांब जुन्या गावात आमच्या ढाळजेत उभा होता. गल्लीतून वाड्यात शिरलं की मोठ्या दाराच्या आत दोन्ही हातांना उंच ओटे आणि वर माळवद, ती ढाळज. वाडा आमचा होता. ढाळज मात्र आमची एकट्याची कधीच नव्हती. बाजारकरू तिथं ओझं टेकवायचे, सकाळी वासुदेव टेकायचा, पावसात सापडलेली शेळीसुद्धा तिथंच उभी राहायची. मी सात वर्षांचा होईपर्यंत हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधीचं जे आहे ते आजीच्या तोंडचं.

आजी सांगायची की खांब कोरायला पणजोबांनी सुतार बोलावला, तेव्हा त्याला मागच्या परसात जागा देऊ केली होती. तो म्हणाला, उजेड ढाळजेत चांगला आहे. अख्खा हिवाळा तो तिथंच बसून राहिला. रोजची भाकरी वाड्यातून, आणि शेवटी ज्वारी आणि धोतरजोडी, असा व्यवहार. आपल्या औसा तालुक्यातच खरोशाची लेणी आहेत, सहाव्या शतकाच्या सुमाराला डोंगरात कोरलेली. हा सुतार ती बघून आला होता आणि त्या नादात होता, असं आजी म्हणे. पण गंमत पुढे आहे. गल्लीतून जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबायचा आणि काही ना काही सुचवायचा. कुणी म्हणालं वेलीला कणसं काढ, कुणी म्हणालं कमळाची पाकळी जाड झाली. बांगड्या भरायला येणारी एक कासारीण म्हणाली, एवढी वेल काढलीस, त्यात पाखरू नको का? दुसऱ्या दिवशी सुतारानं पोपट काढला. पणजोबा खांबाची मजुरी देणारे, पण पोपटाबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आजी हे फार कौतुकानं सांगायची. "त्यो खांब आपल्या घरात हुता, पर केला गल्लीनं," असं तिचं म्हणणं.

ते निजामाचे दिवस. किल्लारी तेव्हा उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. गश्ती निशान ५३ नावाचा हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. पण भजन कुणी कसं थांबवणार? ढाळजेत कंदील लागायचा आणि भजनी जमायचे. औशाच्या नाथ संस्थानातली चक्री भजनाची परंपरा या भागात सगळ्यांना ठाऊक. गोल फिरत फिरत म्हणायचं ते भजन. ढाळजेत फिरायला जागा पुरायची नाही, मग भजनी उतरून गल्लीत यायचे आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर बाया-लेकरं बसायची. अभंग संपून टाळ थांबले की हळू आवाजात बातमी सांगितली जायची, कुणाला पकडलं, कुठल्या गावात काय झालं. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाल्याची खबरही आजीनं त्याच ओट्यावर ऐकली. ती तेव्हा तेरा वर्षांची, नुकती लग्न होऊन आलेली. गल्लीतल्या कुणी हलगी काढली आणि मग रात्रभर ती थांबली नाही.

त्या घरांची बांधणी मी नंतर समजून घेतली, कारण तीच आमच्या जिवावर उठली. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन थर, आणि दोघांना बांधून धरणारे आरपार दगड फारसे नाहीत. वर तुळया, त्यावर लाकडं, पाला आणि पांढरी माती. गळू नये म्हणून माळवदावर थोडी थोडी माती टाकत राहायची. पिढ्यानपिढ्यांची माती डोक्यावर साठत गेलेली. १९९२ पासून जमीन अधूनमधून हलत होती, पोटात गुरगुरत होती. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी झाली, गणपती बोळवून लोक दमून झोपले, आणि ३० च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंपात भिंती आत-बाहेर फुटल्या. जवळपास ८ हजार माणसं गेली. आमचे आजोबा त्यात गेले. त्या रात्रीबद्दल आजी याहून जास्त बोलत नसे, म्हणून मीही लिहीत नाही.

मग पत्र्याचे शेड. एका रांगेत एकासारखे एक, दिवसा तव्यासारखे तापणारे. मदत भरपूर आली; धान्य, घोंगड्या, भांडी सगळं मिळालं. आमच्या घरात मात्र कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि भजन तर कुणाला आठवतही नव्हतं.

जानेवारीत येळवस आली. वेळ अमावास्या म्हणजे लातूर-धाराशिवकडचा मोठा सण. सगळं घर शेतात जातं, उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतं, आत दगडांचे पाच पांडव मांडून त्यांना चुना देतं. भज्जी, आंबील, उंडे, खीर. वाटेवरच्या माणसालाही हात धरून जेवायला बसवायचं. त्या वर्षी करायची की नाही, यावर शेडांमधे बरीच चर्चा झाली. घराघरात सुतक होतं. आजी म्हणाली, "आपण न्हाई केली तर शेताला काय सांगायचं?" आणि उठली.

कोप उभी करताना वडिलांचे हात मला आठवतात. तीन महिन्यांत आमच्या भोवती जे काही उभं राहिलं होतं ते सरकारनं, लष्करानं, संस्थांनी उभं केलेलं. ही पहिली गोष्ट आमच्या हातची होती. पेंढ्या एकमेकींना टेकवल्या, वर आजीची हिरवी साडी टाकली. पांडवांसाठी दगड हवे होते. दरवर्षी ते बांधावरून घ्यायचो. त्या वर्षी आजीनं पिशवीतून काढले. जुन्या गावात जाऊन, आमच्या ढिगाऱ्यातून पाच लहान दगड तिनं वेचून आणले होते. चुन्यात बुडवले, वाळू दिले, आणि कावेचं बोट लावून ती प्रत्येकाला डोळे काढत बसली. ज्या दगडांनी आजोबांना नेलं त्यांना ती डोळे काढत होती. मला तेव्हा काही कळलं नाही. शेजारच्या शेतातल्या कोपीवरून कुणी हाक दिली, आम्ही ओ दिली, आणि संध्याकाळी हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवताना दूरदूरच्या शेतांतूनही जाळ फिरताना दिसले. त्या रात्री शेडात टाळ वाजले.

नवं गाव यानंतर झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला, ५२ गावं नव्या जागी उठवून बसवायची ठरली. जमीन पाहून घर: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरला ४००, त्यावर ७५०. आम्हाला ४०० चं मिळालं. घर पक्कं आहे. त्यात झोपताना भीती वाटत नाही, आणि ज्या माणसांनी ते उभं केलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही. रस्ते रुंद, सरळ, काटकोनात. रुग्णवाहिका कुठंही जाईल. पण पुनर्वसनाच्या तक्त्यात ढाळजेला रकाना नव्हता. दारातून थेट रस्ता, रस्त्यापलीकडे दुसरं दार, आणि मधे एवढं अंतर की एका बाईनं हाक मारली तर दुसरीला ऐकू येत नाही. भजनी मंडळानं एकदा रस्त्यातच फेर धरून पाहिला. आवाज उघड्यावर विरून गेला. ऐकणाऱ्यांना बसायला ओटा नव्हता, ते उभ्यानं थोडा वेळ थांबून घरी गेले.

इटलीतल्या सिसिली बेटावर गिबेलीना नावाचं गाव आहे. १९६८ च्या जानेवारीत तेही भूकंपात असंच गेलं आणि दूर नव्या जागी वसवलं गेलं. तिथले महापौर लुडोविको कोराओ यांनी देशभरातले शिल्पकार, चित्रकार, वास्तुकार नव्या गावासाठी बोलावले. आल्बेर्तो बुर्री हा कलावंत मात्र जुन्या ढिगाऱ्याकडे गेला. १९८४ पासून त्यानं त्या अवशेषांवर पांढरं काँक्रीट ओतवलं, खांद्याएवढ्या उंचीचे ठोकळे केले, आणि जुन्या गल्ल्या होत्या तिथं चालता येतील अशा भेगा ठेवल्या. मधे थांबलेलं ते काम २०१५ मध्ये पुरं झालं. मी मोबाइलवर त्याचं चित्र आजीला दाखवलं. ती बराच वेळ बोटानं एकेक भेग धरून चालत राहिली, बहुधा आमची गल्ली शोधत होती. मग म्हणाली, "लई चांगलं केलंय. पर माणसं बसतेत कुठं?"

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आज शहरांमधे भिंती रंगवल्या जातात, चौकाचौकांत शिल्पं बसतात. लातूरला गेलो की मी ती थांबून बघतो, मला आवडतात. पण थांबायला जागा शोधावी लागते, मागून हॉर्न वाजतो. चित्र काढणाऱ्याशी कुणाचं बोलणं झालं असेल, कुणी त्याला सांगितलं असेल की इथं एक पाखरू हवं, असं मला वाटत नाही. नवं गाव किंवा नवी वसाहत आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नकाशावर पाण्याची टाकी काढता, शाळा काढता, तशी दर दोन-तीन गल्ल्यांमागे सावलीतली एक बसायची जागा काढा, जिथं बसायला कारण लागत नाही. सुतार, भजनी, हलगीवाला तिथं आपोआप येतील.

ढिगारे उपसले जात होते तेव्हा जुनं सागवान घ्यायला लोक ट्रक घेऊन फिरत होते. आमच्या खांबाला चांगली किंमत येत होती आणि आम्हाला पैशांची गरजही होती. आजी खांबावर बसून राहिली. "खांब इकतेत का कुठं?" नव्या घरात तो आणला तर छताला अडला, उभाच राहीना, सात हातांचा खांब तिथं मावणार कसा. कापून लहान करावा असं वडील म्हणाले. आजीनं ऐकलं नाही. तिनं जुन्या ढाळजेच्या पायरीचे दोन दगड बैलगाडीनं आणवले, कोपऱ्यावर लिंबाचं रोप लावलं आणि खांब आडवा टाकला.

दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी मोठी माणसं येतात, पोलीस बंदुकीची सलामी देतात. आम्ही सगळे जातो. तिथून परत येताना पाय दुखतात, म्हणून लोक आमच्या कोपऱ्यावर टेकतात आणि गेलेल्यांची नावं निघतात. कुणाचा गळा कसा होता, लेझीम कोण चांगली खेळायचं, कुणाच्या दारावरची रांगोळी बघायला बाया वाट वाकडी करून जायच्या. चहा होतो. कधी टाळ निघतात.

आजी जाऊन आता चार वर्षं झाली. खांबाच्या वरच्या अंगाची कमळं बसून बसून गुळगुळीत झाली आहेत, हात फिरवला तर नुसता उंचवटा लागतो. परवा माझी मुलगी खांबाखाली मातीत उताणी पडली होती. उठ म्हटलं तर उठेना. म्हणाली, "बाबा, खालच्या कमळाला सोळा पाकळ्या आहेत. आणि पोपटाच्या चोचीत काहीतरी आहे, तुम्ही वाकून बघा ना."

मी वाकलो. ज्वारीचं कणीस होतं.