जखमेतील धागा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत धर्म, तीर्थे आणि संस्थेची वाटचाल यांवर अधिकारी मंडळी लिहितीलच. प्रस्तुत लेखकाचा अधिकार सुतापुरता. मात्र ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीत काम करताना एक प्रश्न वारंवार कानी पडत आला आहे. शस्त्रक्रिया ठरली, पैशांची तजवीज झाली, की घरातील एखादी वयोवृद्ध श्राविका हळूच विचारते, "पोटात टाके घालतात तो दोरा कशाचा असतो हो, भाऊ?" हा प्रश्न भाबडा म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा मोठा भाग त्या एका दोऱ्याला बांधलेला दिसतो.

आरंभ आपल्याच देशातून करावा लागेल. दीड हजार वर्षांहून जुन्या सुश्रुतसंहितेत जखम शिवण्यासाठी सांगितलेली द्रव्ये वाचताना कापडाच्या माणसास घरी आल्यासारखे वाटते. बारीक सूत, शण, जवसाच्या झाडापासून निघणारे क्षौम, गुळवेलीचे तंतू आणि अश्मंतकाची साल. अश्मंतक म्हणजे दसऱ्याला आपण ज्याची पाने सोने म्हणून वाटतो तो आपटा! याच यादीत स्नायू आणि केस यांचेही धागे आहेत आणि अन्यत्र आतडे जोडण्यासाठी काळ्या मुंग्यांकडून चावा घेववून त्यांची केवळ डोकी ठेवण्याची कृतीही आहे. आपल्या मनाला ती रुचणार नाही, पण ती ग्रंथात आहे. टाक्यांचे चार प्रकार दिले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. तुन्नवाय म्हणजे शिवणारा किंवा रफू करणारा कारागीर, हे ज्यास ठाऊक आहे त्याला तिसऱ्या टाक्याचे नाव कोठून आले हे सांगावे लागत नाही. सुयाही तीन तऱ्हेच्या. मांस कमी असेल तेथे दोन अंगुळे लांब व गोल, मांसल जागी तीन अंगुळे व तीनधारी, आणि पोटासारख्या नाजूक जागी धनुष्याप्रमाणे वाकडी. आजच्या शस्त्रक्रियागृहातील सुयांचीही विभागणी स्थूलमानाने अशीच असते: गोल, धारदार आणि वाकड्या.

सर्वांत मौजेची गोष्ट निराळीच आहे. शिष्याने रोग्यास हात लावण्यापूर्वी कोहळा, दुध्या, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा आणि टाके घालण्याचा सराव बारीक विणीच्या दाट कापडाच्या काठांवर व मऊ चामड्यावर करावा, असे सुश्रुत सांगतो. दाट विणीचे कापडच का, हे आम्हां व्यापाऱ्यांस पटकन उमगते. विरळ विणीत सुई कोठेही शिरते, हाताची परीक्षा होत नाही. दाट कापडात टाका तिरका पडला की काठ ओढला जाऊन चुणी पडते आणि चूक लपत नाही.

पुढे ही विद्या ग्रंथांपेक्षा कारागिरांच्या हातात अधिक टिकली. याचा ठळक पुरावा पुण्याचा आहे. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ही हकीकत 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली, आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन 1814 साली कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने तशी शस्त्रक्रिया केली. त्या हकीकतीत टाक्यांचे नाव नाही! काथ पाण्यात कालवून तो कापडाच्या पट्ट्यांवर लावावयाचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक ठेवून कातडीचा सांधा धरून ठेवावयाचा. पानाच्या तबकातील काथ आणि चिंध्या, एवढ्यावर मनुष्याला नाक मिळाले.

युरोपात त्या सुमारास दोरा हा जितका तारक तितकाच मारक होता. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोझ पारे हा मुळात न्हावी-शल्यक वर्गातला. बंदुकीच्या जखमांत उकळते तेल ओतण्याची तेव्हा रीत होती. इटलीतील मोहिमेत एकदा तेल संपले म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला आणि दुसऱ्या दिवशी तेच रोगी अधिक बरे आढळले. पुढे 1552 साली त्याने पाय कापताना रक्तवाहिनी डागण्याऐवजी दोऱ्याने बांधली. रक्त थांबले, पण दोरा आत राहिला की तेथे पू होई. म्हणून दोऱ्याची टोके लांब ठेवून जखमेबाहेर लोंबत सोडत, आणि आठवड्यांनी ती कुजून सैल झाली की ओढून काढीत. कधी त्याच वेळी वाहिनी पुन्हा फुटे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून दाखविली, तेव्हा वेदना गेली. पू मात्र राहिला. वेदनेचा धाक गेल्यामुळे शल्यवैद्य पूर्वीपेक्षा खोल आणि अधिक काळ हात घालू लागले होते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

पू हा जखमेचा स्वभाव नसून बाहेरून आलेला संसर्ग आहे, हे व्यवहारात सिद्ध केले जोसेफ लिस्टर यांनी. क्वेकर या अहिंसावादी ख्रिस्ती पंथातील घराण्यात त्यांचा जन्म. वडील मद्याचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या कामात नावाजलेले. पाश्चरचे कार्य वाचून लिस्टर यांनी ऑगस्ट 1865 मध्ये ग्लासगो येथे गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली. हाड कातडी फोडून बाहेर आले की पाय कापणे हाच तेव्हाचा उपाय. या मुलाचा पाय वाचला. पुढे स्वस्त मलमलीला कार्बोलिक, राळ व पॅराफिन चोळून तिच्या आठ घड्या जखमेवर ठेवण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. सर्जिकल गॉजचा हा आरंभ. 1880 मध्ये बर्मिंगहॅमच्या गॅमजी यांनी गॉजमध्ये कापूस भरला, तोही तेल काढलेला. कोरा कापूस पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्या अंगी नैसर्गिक मेण असते. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात पाणी पीत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. कापूस उकळून, धुऊन, ब्लीच केल्यावरच तो रक्त शोषून घेतो.

दोऱ्याचा प्रश्नही लिस्टर यांनीच हाती घेतला आणि आपल्या श्राविकेचा प्रश्न येथेच जन्मास आला. कार्बोलिकमध्ये भिजविलेले रेशीम त्यांनी प्रथम वापरले व टोके जवळ कापून जखम बंद केली. परंतु रेशीम आत तसेच राहते. शरीराने आपणहून जिरवून टाकावा असा धागा हवा, म्हणून 1869 साली त्यांनी कार्बोलिक कॅटगट पुढे आणला. नावात 'कॅट' असले तरी मांजरपाटात जसे मांजर नसते, तसे यातही नसते. तो मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्याच्या थरापासून पिळलेला धागा होय. क्रोमियमचे क्षार लावले की तो जरा उशिरा जिरतो, तो 'क्रोमिक'. पुढील शंभर वर्षे जगभर, आणि अर्थात भारतातही, आतल्या टाक्यांचा मुख्य आधार हाच राहिला. आपल्या कितीतरी वाडवडिलांच्या पोटात तो नकळत गेला असेल. जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष त्यांना लावण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे.

कॅटगट नको म्हणणारे शल्यवैद्यही होते, पण त्यांचे कारण वेगळे होते. बर्नचे कोखर आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे हॉल्स्टेड यांनी बारीक रेशीम पत्करले. हॉल्स्टेड यांनी घालून दिलेले नियम आजही शल्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रथम शिकवितात. मांसाला हळुवार हात लावावा. रक्तस्राव काटेकोरपणे थांबवावा. त्या भागाचा रक्तपुरवठा तोडू नये. टाक्यावर ताण नसावा. काठाला काठ नेमका भिडावा. आत पोकळी उरू नये. आणि सर्व काही निर्जंतुक असावे. दोरा मांसापेक्षा मजबूत असण्याची गरज नाही, आवळून बांधलेला टाका काठाचे रक्त तोडतो आणि तेथेच जखम उसवते. हे वाचताना आपल्या 'जयणा' या शब्दाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र रेशमाकडे आपण कोणत्या तोंडाने पाहावे? कोशातील जीव वाफेने किंवा उकळत्या पाण्याने मारल्याशिवाय अखंड तार निघत नाही.

रेशमाच्याच गावातील एक हकीकत येथे सांगतो. फ्रान्समधील लिऑं हे शहर रेशमी कापडासाठी जगप्रसिद्ध. 24 जून 1894 रोजी तेथे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नस कापली गेली आणि ती शिवता येत नाही म्हणून ते दगावले. अलेक्सी कारेल तेव्हा तेथे वैद्यकाचा विद्यार्थी होता. कापड शिवता येते तर नस का नाही, असे त्याच्या मनाने घेतले. तो भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे शिकावयास गेला. अतिशय बारीक सुई व व्हॅसलिन लावलेला रेशमी धागा घेऊन त्याने 1902 मध्ये पद्धत प्रसिद्ध केली: नळीच्या काठावर तीन जागी टाके घेऊन ते ताणावयाचे, म्हणजे गोल तोंड त्रिकोणी होते आणि तीन सरळ बाजू शिवता येतात. 1912 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाची बायपास आणि मूत्रपिंडाचे रोपण या दोहोंचा पाया हा टाका आहे, आणि तो एका कशिदाकारिणीच्या हातून आलेला आहे.

आता उत्तराकडे. 1935 मध्ये नायलॉन निघाले आणि काही वर्षांत ते शस्त्रक्रियागृहात पोहोचले. 1969 च्या सुमारास पॉलिप्रॉपिलीन, 1970 मध्ये पॉलिग्लायकोलिक अॅसिड आणि 1974 मध्ये पॉलिग्लॅक्टिन आले. शेवटचे दोन हे शरीरात जिरणारे, आणि त्यांचा तंतू कारखान्यात रसायनांपासून काढलेला. कॅटगट शरीरातील पाचक द्रव्ये खातात, म्हणून सूज अधिक. हे नवे धागे केवळ पाण्याच्या योगाने हळूहळू विरघळतात. पॉलिग्लॅक्टिन सुमारे तीन आठवडे ताकद धरते आणि दोन-अडीच महिन्यांत नाहीसे होते. पोटाच्या भिंतीचा कणखर पडदा मात्र त्याहून सावकाश भरतो. तेथे अधिक टिकाऊ धागा लागतो. पिळाचा धागा गाठीत चांगला बसतो, पण दिव्याच्या वातीप्रमाणे ओलावा आत ओढतो; एकतारी धागा ओलावा ओढत नाही, पण त्याची गाठ सुटू पाहते. क्रमांकाची रीत सुताच्या काउंटसारखीच आहे. शून्ये जितकी अधिक तितका धागा बारीक. डोळ्यासाठी वापरला जाणारा दहा शून्यांचा धागा केसाहून बारीक असतो.

गुरांतील मेंदूच्या रोगाच्या भीतीने 2001 च्या सुमारास युरोपात कॅटगटचा वापर थांबला. आपल्याकडे तो स्वस्त असल्याने अजून मिळतो. याचा अर्थ असा, की विचारल्याशिवाय तो टळेलच असे नाही. प्रत्येक पाकिटावर द्रव्याचे नाव छापलेले असते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, म्हणजे आदल्या दिवशीच, शल्यवैद्यांना नम्रपणे सांगावे की कॅटगट व रेशीम नको, कृत्रिम धागा वापरावा. खर्चात थोडा फरक पडेल; आमच्या समितीने तो फरक नाकारल्याचे मला स्मरत नाही. तातडीच्या प्रसंगी मात्र हा विषय काढत बसू नये. दोऱ्यासाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलणे मला मान्य नाही.

हा विचार आपल्या परंपरेत नवा नाही. नवव्या शतकातील जैन आचार्य उग्रादित्य यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ मांस, मद्य व मध यांवाचून रचला, आणि राष्ट्रकूट राजा नृपतुंग याच्या सभेत औषधातील मांसाविरुद्ध प्रतिपादन केले. हा ग्रंथ 1940 साली आपल्या सोलापुरातून प्रसिद्ध झाला. दोऱ्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे आज सहज पाळता येते. हेपॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचे तसे नाही. ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात; काही कामांसाठी कृत्रिम औषध निघाले आहे, पण हृदय थांबवून करावयाच्या शस्त्रक्रियेत आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो.