मिटलेल्या दारामागील वैद्यक

शस्त्रवैद्याची कीर्ती त्याचे बरे झालेले रोगी गावभर गातात. मनाच्या वैद्याकडून बरा झालेला मनुष्य मात्र त्याचे नावही काढीत नाही. मग त्याचा व्यवसाय वाढावा कसा? या प्रश्नाचा थोडा इतिहास आज पाहू.

सन १८५८ च्या कायद्याने आपल्या देशात वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली. १९१२ चा कायदाही त्याच वळणाचा होता. दोहोंचा भर रोग्यास कोंडण्यावर. या दोहोंच्या मधल्या काळात, १८८६ साली, व्हिएन्नास फ्रॉइड यांनी आपला खाजगी दवाखाना उघडला. तेथे पुढे संभाषण हेच औषध ठरले. कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी ती वाट धरली व १९२२ साली मनोविश्लेषकांची संस्था स्थापिली.

परंतु मोठ्या शहरात मनुष्य गर्दीत लपतो. साताऱ्यात दवाखान्याची पायरी चढताना चार ओळखीचे भेटतात. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा एकाएकी अबोल झाला. साल व शाळा मी मुद्दाम सांगत नाही. आळशी समजून मी त्यास छडी मारली. पुष्कळ वर्षांनी त्याच्या वडिलांनी सांगितले, की आत्याकडे जातो असे सांगून ते त्यास एस.टी.ने सांगलीस डॉक्टरांकडे नेत. ते डॉक्टर हसून म्हणाले होते, "सांगलीकर साताऱ्यास जातात!"

या संकोचाला साताऱ्यातच छेद देण्याचा यत्न झाला. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात व मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी येथे 'परिवर्तन' ही संस्था उभारून व्यसनमुक्तीचे काम मांडले. त्यांचे चिरंजीव डॉ. हमीद हे मनोविकारतज्ज्ञ या नात्याने ते चालवितात. व्यसनाविषयी लोक उघड बोलू लागले, की मनाविषयी बोलण्यासही जीभ धजते.

तरीही या व्यवसायाचे खरे भांडवल ठरलेली वेळ, ठरलेली फी आणि राखलेले गुपित हेच. २०१७ च्या कायद्याने रोग्याच्या गुप्ततेला हक्काचे रूप दिले. घरचा डॉक्टर विश्वासाने कानात नाव सांगतो, तेवढीच याची जाहिरात.

तो मुलगा आज संसारात सुखी आहे. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. छडीबद्दल क्षमा मागावी असे फार वाटते. पण मागितली, तर त्याचे गुपित मला ठाऊक आहे हे त्यास कळेल. म्हणून मीही मौन पाळतो.