गिस्मोंदाचें भित्तिपत्रक

नाटकाची कला अल्पायुषी. पडदा पडला कीं नटाचा अभिनय प्रेक्षकांच्या स्मृतीखेरीज कोठेंही उरत नाहीं. तरीही सारा बर्नार ह्या फ्रेंच नटीची मूर्ति आज आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. ह्याचें श्रेय पुष्कळ अंशीं आल्फोन्स मुखा ह्या मोरावियन चित्रकाराच्या भित्तिपत्रकांना दिलें पाहिजे.

इ. स. १८९५ च्या आरंभीं सार्दूच्या 'गिस्मोंदा' नाटकाचें भित्तिपत्रक पॅरिसच्या भिंतींवर लागलें. उंची दोन मीटरांहून अधिक, रुंदी मात्र मीटरभरही नाहीं. शेरेच्या भित्तिपत्रकांतील भडक रंग व नाचत्या आकृति पाहण्याची पॅरिसकरांना संवय होती. येथें रंग सौम्य होते, आणि हातांत झावळी घेतलेली एक स्त्री देव्हाऱ्यांतील मूर्तीसारखी स्तब्ध उभी होती. बर्नार प्रसन्न झाली व तिनें मुखाशीं सहा वर्षांचा करार केला.

हें नाटक पंधराव्या शतकांतील अथेन्समध्यें घडतें. तेथें त्या वेळीं फ्लॉरेन्सच्या एका घराण्याची सत्ता होती. परंतु चित्रांत मस्तकामागें बायझंटाइन चर्चमधील जडावकामाची छटा आहे, आणि अरुंद उभी चौकट जपानी चित्रांची आठवण करून देते. हा खरा इतिहास नव्हे, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो खोटा म्हणतां येणार नाहीं. तथापि रंगभूमीला काळाचा भास पुरतो, आणि तो निर्माण करण्यांत मुखा निष्णात होता. 'मेदेआ'च्या भित्तिपत्रकांत (१८९८) त्यानें नायिकेच्या हातावर सर्पाकृति कंकण काढलें. तें बर्नारला इतकें आवडलें कीं जवाहिऱ्या फूके ह्याजकडून तिनें तसें खरें कंकण घडवून घेतलें.

मुखाचें स्वतःचें समाधान मात्र ह्या शोभेच्या इतिहासानें झालें नाहीं. १९१० पासून सुमारें अठरा वर्षें खपून त्यानें स्लाव लोकांच्या इतिहासावर वीस प्रचंड चित्रें रंगविलीं आणि १९२८ त तीं प्राग शहरास अर्पण केलीं. १९३९ त जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरल्यावर गेस्टापोनें ह्या वृद्ध चित्रकारास चौकशीसाठीं नेलें; त्याच वर्षीं जुलैंत तो वारला. भित्तिपत्रकांतला इतिहास कोणाच्या डोळ्यांत खुपला नव्हता. स्वजनांसाठीं लिहिलेला इतिहास मात्र सत्ताधाऱ्यांना सोसला नाहीं. मुखाची योग्यता ठरवितांना त्याचे हे दोन्ही इतिहास शेजारीं ठेवूनच पाहावे लागतील.