ओल आलेल्या भिंती: एका न मोजलेल्या आजाराचा इतिहास

आजचा भाग भिंतींबद्दल आहे. गडकिल्ल्यांच्या नाही, घरांच्या. जूनमध्ये ज्यांच्यावर पिवळट डाग उमटतो, जुलैत पोपडे सुटतात आणि गणपतीपर्यंत कपाटामागे काळी बुरशी बसते, त्या भिंती. आणि त्या भिंतीला टेकून ज्यांची कॉट असते, ती माणसं.

इतिहासात या माणसांना शोधणं अवघड आहे. प्लेग आला, कॉलरा आला की सरकार माणसं मोजतं. अहवाल निघतात, समित्या बसतात. पण जो माणूस वीस वर्षं रात्री उठून बसतो, सकाळी धापा टाकत जिना उतरतो आणि तरी कामावर जातो, त्याचा अहवाल कोण लिहिणार? त्यामुळे मी आज त्या माणसांऐवजी त्यांच्या भिंतींचा माग काढणार आहे. भिंतींची कागदपत्रं बऱ्यापैकी सापडतात.

सगळ्यात जुनं कागदपत्र तर थेट बायबलमधलं आहे. जुन्या करारातल्या लेवीय नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय काढून बघा. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले तर काय करायचं, याचे नियम आहेत तिथे. पुरोहिताला कळवायचं. तो तपासायला यायच्या आधी घर रिकामं करायचं. मग घर सात दिवस बंद. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढायचे, गिलावा खरवडायचा, ते सगळं गावाबाहेर टाकायचं आणि नवा गिलावा करायचा. एवढं करून डाग परत आला तर घरच पाडायचं. त्यांच्यासाठी हा शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न होता, आरोग्याचा नव्हे. पण क्रम बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या चाळीस वर्षांत एकदाही इतकं पद्धतशीर काम झालेलं नाही.

आता मुंबईत येऊ. सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. मग संशय गेला घरांवर. अंधार, ओल, कोंदट हवा, भिजलेली जमीन, यातच रोग मुरतो अशी समजूत. तशी ती अगदी वेडगळ नव्हती, कारण प्लेग खरोखरच विशिष्ट घरांना धरून राहत होता. झालं, पालिकेची माणसं घरात शिरली. भिंतींवर जंतुनाशक मारलं, चुना फासला, जमिनी उकरल्या, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं काढली. काही घरांवर यूएचएच अशी अक्षरं रंगवली, म्हणजे माणसांच्या राहण्यास अयोग्य. लोकांना या सगळ्याचा किती संताप आला, ते आपण प्लेगच्या भागात ऐकलंय.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की प्लेग पसरवते उंदरावरची पिसू. ते सर्वमान्य व्हायला पुढे काही वर्षं गेली. म्हणजे ओल हा गुन्हेगार नव्हता. निदान त्या गुन्ह्यातला तरी नव्हता.

पण त्याच १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट सुरू झाला होता, आणि त्याचा सगळा कारभार उजेड आणि वारा या कल्पनेवर उभा होता. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापून काढले. त्यात ज्यांची घरं गेली, त्यांतले कितीतरी शेजारच्या आधीच भरलेल्या खोल्यांत घुसले आणि तिथली गर्दी वाढली. ट्रस्टवर ही टीका तेव्हाही झाली, आणि ती रास्तच होती.

तरी या ट्रस्टची एक गोष्ट मला फार आवडते. जे. पी. ऑर नावाचे अध्यक्ष होते. खोलीत उजेड पुरेसा आहे की नाही हे मोजायचं कसं, यावर त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. नाव अवघड वाटतं, हिशेब सोपा आहे. खोलीच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे आहात असं समजा. समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेघ जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवा: याचा अर्थ समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. चाळीस फुटांची इमारत, तर वीस फूट आकाश. प्लेगसाठी हा नियम निरुपयोगी होता. क्षयासाठी, ओलीसाठी, बुरशीसाठी मात्र चांगला होता. चुकीच्या कारणासाठी केलेली बरोबर गोष्ट.

बुरशी आणि श्वास यांचा संबंधही तोवर कुणाच्या तरी लक्षात आला होता. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी गवती तापावरच्या पुस्तकात नोंदवलं की बुरशीचे कण हुंगल्यावर त्यांना स्वतःलाच त्रास झाला. १९२४ च्या सुमारास हॉलंडमध्ये स्टॉर्म व्हान लेउवेन दम्याच्या रोग्यांना शुद्ध हवेच्या खास खोल्यांत ठेवून बघत होते. दमट देशातले डॉक्टर. त्यांना भिंतीकडे बघायचं सुचलं, यात नवल नाही. १९५२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ॲस्परजिलस बुरशीमुळे बिघडणाऱ्या दम्याचं वर्णन केलं. त्यालाच आज एबीपीए म्हणतात.

तो मला आहे. म्हणूनच हा भाग. यात बुरशी फुप्फुसं पोखरत नाही. शरीरच तिच्यावर इतकं चवताळून उठतं की श्वासनळ्या सुजतात, चिकट तपकिरी बेडके पडतात, एक्स-रेवर सावल्या दिसतात. आपल्याकडे एक्स-रेवर सावली म्हणजे टीबी, हे ठरलेलं. मलाही आधी टीबीच्याच गोळ्या दिल्या होत्या, थुंकीत जंतू सापडला नसताना. या देशात एबीपीएच्या कितीतरी रोग्यांची कहाणी अशीच सुरू होते. मग आयजीईची तपासणी, मग स्टेरॉइड, मग बुरशीविरोधी गोळ्या. चेहरा सुजतो, भूक वाढते, जरा बरं वाटतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. ही बुरशी मातीत, हवेत, धान्यात सगळीकडे असते, त्यामुळे घराने मला आजारी पाडलं असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर लिहून देणार नाही. माझ्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "ताई, जमलं तर घर बदला."

जमलं तर! आमची गिरगावातली खोली पागडीची. वरचा मजला, लाकडी सांगाडा, विटांच्या भिंती. इथे इतिहास परत येतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्याने वाचवलं, हे आधी मान्य करू. पण भाडं गोठलं आणि महागाई गोठली नाही. तेवढ्या भाड्यात छप्पर शाकारणं मालकाला परवडेना, मग नको वाटू लागलं. इमारती कोसळायला लागल्यावर १९६९ मध्ये उपकर आणि दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. दुरुस्ती व्हायची ती कोसळू नये म्हणून. ओल जावी म्हणून नव्हे.

त्यातही एक घोटाळा आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. चुना पाणी घेतो आणि सोडतो, शिवाय तो इतका अल्कधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशीला जगता येत नाही. म्हणून दिवाळीआधी चुना मारायची पद्धत नुसती शोभेची नव्हती. त्याच भिंतींवर आपण सिमेंटचा गिलावा केला, वर प्लास्टिक पेंट. आत शिरलेलं पाणी आतच. आमच्या घरी दर दोन वर्षांनी रंग होतो आणि रंगाच्या खालून तोच नकाशा पुन्हा वर येतो.

खोली सोडून भाड्याने लांब राहायला जावं, तर भाऊ म्हणतो, कुलूप दिसलं की मालक दावा लावेल, पुनर्विकासात नाव राहणार नाही. आई म्हणते, पंचेचाळीस वर्षं काढली, आता चार वर्षांसाठी कशाला सोडायची? ही चार वर्षं मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. दोघंही खोटं बोलत नाहीत. माझा श्वास आणि आमच्या घराची एकमेव मालमत्ता, दोन्ही त्याच भिंतीला टेकून उभी आहेत. छपरावर निळी ताडपत्री दर मे महिन्यात नवी येते. तिचा खर्च आम्ही वरच्या मजल्यावरचे तिघं वाटून घेतो.

आणि नव्या घरांचं काय? २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड. झोपड्यांतून आणि रुळांकडेने हलवलेली माणसं तिथे पक्क्या घरांत राहतात. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही तिथे, क्षयाचे रोगी जास्त सापडले. तिथे काही इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर आहे. ऑर साहेबांचा हिशेब लावून बघा: आठ मजली इमारत साधारण चोवीस मीटर उंच धरली, तर मध्ये बारा मीटर मोकळी जागा हवी होती. नियम मुंबईतच तयार झाला होता, शंभर वर्षांपूर्वी. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेच्या अटी शिथिल केल्या, आणि तळमजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लागते.