साठा आणि पाळी

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. अशा मालगुजारी तलावांमागे दोन युक्त्या होत्या : पावसाचे पाणी साठवायचे आणि ते धानाला पाळीने द्यायचे. विजेच्या जाळ्याच्या इतिहासातही याच दोन युक्त्या आपल्याला भेटतात.

विजेची अडचण अशी, की ती तारांमध्ये साठून राहत नाही. जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती त्याच क्षणी व्हावी लागते. हा तोल राहिला तर वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास असते. मागणी वरचढ झाली की ती घसरते. तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात 660 मेगावॉटचे पाच संच आहेत. त्यांतला एक अचानक बंद पडला तर? तेवढी वीज दुसरीकडून आणावी लागेल, नाहीतर तेवढी मागणी कमी करावी लागेल.

टंचाईच्या काळात महाराष्ट्राने पाळीचा आधार घेतला. 2005 च्या सुमारास आलेल्या ‘अक्षय प्रकाश’ योजनेत गावांनी संध्याकाळी पंप बंद ठेवायचे कबूल केले. बदल्यात घरांतले दिवे चालू राहिले. शेतीपंपांना काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री वीज देण्याची पद्धतही रुळली. जाळ्याचा तोल सावरला, पण पाणी द्यायला शेतकऱ्याला अंधारात, सापाविंचवांच्या भीतीत बांधावर जावे लागले.

दुसरी युक्ती साठ्याची. अकोले तालुक्यातील घाटघरचा 250 मेगावॉटचा प्रकल्प 2008 मध्ये सुरू झाला. मागणी कमी असताना उरलेल्या विजेने तिथे पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज मिळवतात. बॅटरी हेच काम रसायनांच्या साहाय्याने, पण फार चपळाईने करते. 14 डिसेंबर 2017 रोजी ऑस्ट्रेलियात लॉय यांग येथील 560 मेगावॉटचा संच बंद पडला, तेव्हा सुमारे हजार किलोमीटरवरच्या हॉर्न्सडेल बॅटरीने क्षणार्धात 7 मेगावॉट वीज जाळ्यात सोडली. वाटा लहान, पण वेग लक्षणीय.

महाराष्ट्रात 2017 मध्ये शेतीला दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. पंप उन्हाच्या वेळी चालले, तर मागणीही वळते आणि शेतकऱ्याला रात्रीची झोपही मिळते. संध्याकाळच्या दिव्यांसाठी मात्र साठा हवाच.

वर्गात मुलांना विचारून पाहावे : घरातले कोणते उपकरण दोन तास थांबू शकेल? गावातले कोणते मुळीच थांबू शकणार नाही? आणि पाळी ठरवताना कोणाकोणाला विचारायला हवे? आम्हाला हा शेवटचा प्रश्न विज्ञानाच्या तासालाही तितकाच महत्त्वाचा वाटतो.